तक्रार पत्र: ‘उद्यानाच्या आत’ लिहिलेल्या तीन रात्री गेटबाहेर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ऑक्टोबर 2025 च्या नामिबिया, बोत्सवाना, व्हिक्टोरिया फॉल्स ओव्हरलँड सहलीत मुक्काम परस्पर बदलल्याबद्दल

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत मी, माझे यजमान, दोन मुले आणि माझे वडील असे पाच जण आपल्या 14 दिवसांच्या सहलीला गेलो होतो. विंडहूकपासून ट्रकने प्रवास आणि बहुतेक रात्री तंबूत, हे ठाऊक असूनच पैसे भरले. खडीच्या रस्त्यांचे हादरे, धूळ, रोजचा तंबू उभारणे, यातल्या कशाबद्दलही माझे म्हणणे नाही. ऑक्टोबरमध्ये व्हिक्टोरिया फॉल्सला पाणी कमी असते, हेही आपण आधी सांगितले होते. माझी तक्रार तीन रात्रींची आहे.

जूनमध्ये आपण ईमेलने पाठवलेल्या कार्यक्रमात नामिब वाळवंटाच्या गेटजवळच्या सेस्रीम तळाची एक आणि इटोशा राष्ट्रीय उद्यानातल्या ओकाकुएयो तळाच्या दोन रात्री ‘उद्यानाच्या आत’ असे लिहिले आहे. प्रत्यक्षात तिन्ही रात्री आम्हाला गेटबाहेरच्या लॉजवर ठेवले. मी तिथून फोन केला तेव्हा आपल्या प्रतिनिधीने सांगितले, “लॉज तंबूपेक्षा महाग आहे, पोहायला तलाव आहे, म्हणजे तुमचा फायदाच झाला.” हे ऐकून मला फार वाईट वाटले, कारण आम्ही तलावासाठी एवढ्या लांब गेलो नव्हतो.

सेस्रीमला आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी वाळवंटाकडे सोडतात, बाहेरच्यांना सूर्य उगवल्यावर. पुढे साठेक किलोमीटरचा रस्ता, मग वाळूतली गाडी, मग पायी चाल. वाळूच्या टेकड्यांमधल्या डेडव्ले या कोरड्या सपाटीवर आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते आणि वाळू तापली होती. शेकडो वर्षांपूर्वी वाळून गेलेली ती झाडे पाहिली, पण पहाटेच्या उजेडात नाही. मुलांनी वर्षभर त्याच पहाटेचे फोटो भिंतीवर लावून ठेवले होते.

इटोशाचे दुःख याहून मोठे आहे. माझे वडील वन खात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झाले. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला पाणवठ्यावरच्या मचाणावर त्यांनी कितीतरी रात्री जागून काढल्या आहेत. आता गुडघ्यांमुळे त्यांना दिवसभर गाडीत हिंडवत नाही. ओकाकुएयोच्या तळाला लागूनच पाणवठा आहे. तिथे रात्रभर दिवे असतात आणि बाकावर बसल्या जागी काळे गेंडे पाण्यावर आलेले दिसतात. पावसाळ्याआधीचे ते कोरडे दिवस तर जनावरे पाण्यावर येण्याचेच. ही सहल आम्ही निवडली ती या बाकासाठी, आणि बुकिंग करताना मी हे आपल्या कार्यालयात समोर बसून सांगितले होते. इटोशाचे गेट सूर्यास्ताला बंद होते. दोन्ही दिवस आम्हाला उजेड असतानाच बाहेर पडावे लागले, आणि ओकाकुएयो तिथून तीस किलोमीटरच्या आत असताना बाबा दोन्ही रात्री लॉजच्या खोलीत बसून राहिले. एकाही शब्दाने ते तक्रार करत नाहीत, म्हणून मी करते आहे.

आयत्या वेळी जागा मिळाली नाही असे असते, तर मी समजून घेतले असते. पण चालकाकडच्या लॉजच्या व्हाउचरवर 18 ऑगस्टची तारीख आहे. म्हणजे निघण्याच्या दोन महिने आधी आपल्याला माहीत होते. तेव्हा कळवले असते तर आम्ही तारखा बदलल्या असत्या. अटींमधल्या ‘किंवा तत्सम निवास’ या शब्दांचा आधार आपण घेता. पण जिथून रात्री पाणवठा दिसत नाही, ती जागा त्याच्या तत्सम कशी?

आमचे चालक आणि स्वयंपाकी यांनी जीव ओतून काम केले. चोबे नदीवरचे हत्तींचे कळप आम्ही त्यांच्यामुळे मनसोक्त पाहिले. या प्रकरणाचा भार त्यांच्यावर टाकू नये, ही विनंती.

भरलेल्या एकूण 17,50,000 रुपयांपैकी या तीन दिवसांचे 3,75,000 रुपये परत करावेत आणि बदल का लपवला याचा लेखी खुलासा द्यावा. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. जूनचा ईमेल, पावत्या आणि व्हाउचरचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

आपली,
पाच जणांच्या वतीने बुकिंग करणारी ग्राहक
अमरावती