नृत्य ‘रचणे’ आणि नृत्य ‘बसवणे’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नृत्याच्या कार्यक्रमांची वृत्ते आणि परीक्षणे यांत हल्ली ‘कोरिओग्राफ केले’ किंवा ‘नृत्यदिग्दर्शन केले’ एवढेच आढळते. तालमीच्या खोलीत मात्र आजही ‘नाच बसवला’ असेच म्हणतात. तो शब्द घरगुती समजून छापताना टाळला जातो, याचे मला वाईट वाटते; कारण हालचाली सुचणे, त्या मात्रांत चोख बसणे, रंगमंचावर कोणी कुठे उभे राहायचे हे ठरणे आणि अखेर सारे नर्तकांच्या अंगात मुरणे, हे सगळे या एका क्रियापदात येते. ‘कोरिओग्राफी’ या ग्रीक घटकांनी बनलेल्या शब्दाचा अर्थ मुळात नृत्यलेखन असा आहे, आणि फ्रेंच नृत्यशिक्षक फ्येये यांनी १७०० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या नावाच्या ग्रंथातही पावले चिन्हांनी लिहून ठेवण्याचीच पद्धत आहे. रचनेचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

‘रचणे’ आणि ‘बसवणे’ यांतला भेद तंजावरच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. दुसऱ्या सरफोजीराजांनी तेथील नृत्यासाठी मराठी निरूपणे (एका कथासूत्रात गुंफलेल्या नृत्यगीतांच्या मालिका) रचली. ती ‘कोरव्याचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने ग्रंथरूपात उपलब्ध आहेत. विसाव्या शतकात आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास करून ती भरतनाट्यमच्या अंगाने बसवली, तेव्हा कुठे ती पुन्हा रंगमंचावर दिसली. अशा प्रयोगाविषयी ‘कोरिओग्राफ केले’ एवढेच लिहिले, तर राजांचे साहित्य आणि आचार्यांचे परिश्रम यांतले नेमके कशाचे श्रेय कोणाला, हे वाचकाला उमगत नाही. कथकमध्येही परंपरेने आलेला तुकडा (बोलांवर बांधलेली छोटी नृत्यरचना) शिष्यांकडून बसवून घेणारे गुरू आणि नवा तुकडा बांधणारे गुरू यांची कामे वेगळी असतात; एकच व्यक्ती दोन्ही करत असेल, तर तसे लिहावे. (बैठकीच्या लावणीत एकाच ओळीवर कलावती आयत्या वेळी जी अदा करते, तिला तर यांतले कोणतेच क्रियापद लागू पडत नाही, ती तिची स्वतःची अदाकारी असते.)

आपल्या दैनिकाच्या परीक्षणांत आणि श्रेयनामावल्यांत ‘रचना’ कोणाची आणि नृत्य ‘बसवले’ कोणी, हे स्वतंत्रपणे नमूद करावे आणि ‘नृत्यदिग्दर्शन’ हा शब्द संपूर्ण प्रयोगाची सूत्रे सांभाळणाऱ्यासाठी राखून ठेवावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नृत्यप्रेमी वाचक, पुणे