मेलेला कावळा कचरागाडीत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की बर्ड फ्लूच्या बातम्या येतात आणि आपल्याकडची चर्चा चिकनच्या भावाशी येऊन थांबते. वास्तविक ७० अंशांवर नीट शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. काळजी करायची ती कच्च्या मांसाची आणि मेलेल्या पक्ष्यांची.

डिसेंबर २०२० च्या अखेरीस आपल्या इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले. भोपाळच्या प्रयोगशाळेने त्यांत बर्ड फ्लूच्या विषाणूचा एच५एन८ हा प्रकार असल्याचे सांगितले, म्हणून शहराला कळले. रानबदकांच्या आतड्यांत हे विषाणू वाढतात, पुष्कळदा बदकाला काही न होता. विष्ठेवाटे तळ्यात उतरतात आणि थंड पाण्यात बराच काळ तग धरतात. सिरपूर आणि यशवंतसागर या आपल्या तलावांवर हिवाळी पाहुणे पक्षी येतात ते याच दिवसांत. कावळा मेलेल्या पक्ष्यावर चोच मारतो आणि त्यालाही लागण होते. सौम्य प्रकार श्वासमार्ग आणि आतड्यांपुरते राहतात. एच५, एच७ या गटांमधले घातक प्रकार मात्र मेंदूपर्यंत पोचतात. रोगट पक्षी मान वाकडी करून गिरक्या घेतो तो त्यामुळेच.

हे आता पक्ष्यांपुरते राहिलेले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या या विषाणूच्या एच५एन१ प्रकाराने दगावले. पुढच्याच महिन्यात आपल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांत तोच सापडला. अमेरिकेत २०२४ पासून तो दुभत्या गाईंच्या आचळात शिरला आहे. तिथे कच्चे दूध पिऊन मांजरे मेली. माणसाच्या नाका-घशात त्याला सहज चिकटता येत नाही, हे आपले नशीब. पण प्रत्येक सस्तन प्राण्यात त्याला बदलायची संधी मिळते, आणि मांजर तर आपल्या पांघरुणात झोपते!

स्वच्छतेचा आपल्याला अभिमान आहे, मलाही आहे. पण अंगणात पडलेला कावळा पिशवीत घालून सकाळच्या गाडीत टाकला की तपासणीचा नमुना कायमचा गेला. एकाच भागात दोन-चार पक्षी मेलेले दिसले तर हात न लावता पशुवैद्यकीय विभागाला कळवावे. महापालिकेने त्यासाठीचा फोन नंबर कचरागाडीवरच ठळक लिहावा आणि गाडीवरच्या गाण्यांच्या मधे दोन वाक्ये याचीही ऐकवावीत. मांजर-कुत्र्यांना कोंबडीची कच्ची आतडी घालणाऱ्या भूतदयावाद्यांनी ती निदान उकळून घालावीत.

आपला,
एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर