प्रश्न यांचा, कातडी दुसरीची

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. हॉरर पिक्चरमध्ये रक्तपात फार, बघणारेच विकृत, असं सरसकट बोललं जातं तेव्हा मला खरंच राग येतो.

भुताचा पिक्चर कितीही घाबरवू दे, आतून तो धीरच देत असतो. भूत आहे म्हणजे मेल्यावर काहीतरी उरतं. 'द सिक्स्थ सेन्स' (१९९९) बघा, मेलेली माणसं दुखावलेली आहेत, पण आहेत, त्यांच्याशी बोलता येतं. माणूस गेला की संपला, ही खरी भीती तिथे येतच नाही.

याच्या अगदी उलट पास्कल लोजिएचा 'मार्टर्स' (२००८) हा फ्रेंच पिक्चर. शेवट सांगतोय, बघायचा असेल त्यांनी हा पॅरा सोडावा. पैसेवाल्या, वयस्कर, सभ्य दिसणाऱ्या लोकांची एक गुप्त मंडळी तरुण मुलींना तळघरात डांबून छळते, का तर वेदना सोसता सोसता एखादीला मरणापलीकडचं दिसेल आणि ती येऊन यांना सांगेल. त्यातलीच एक अॅना, साखळीला बांधलेली, कोणीतरी चमच्याने काहीतरी भरवतं, मग मार, मग अंधार, परत तेच. मारणारा चिडलेला नाही, ड्यूटीवर आल्यासारखा येतो, मारतो, जातो. सूड नाही, थरार नाही, बघणाऱ्याला मजा घ्यायला जागाच ठेवलेली नाही. शेवटी अॅना मंडळीच्या म्होरक्या बाईच्या कानात काहीतरी पुटपुटते, ते आपल्याला ऐकू येत नाही, बाकीचे सगळे उत्तराची वाट बघत जमलेत आणि ही बाई आपल्या माणसाला शंका घेत राहा एवढं सांगून स्वतःला गोळी घालते.

अॅना काय बोलली यावर लोक अजून भांडतात. मला तो मुद्दाच वाटत नाही, ते उत्तर कोणाच्या जिवावर मिळवलं हा मुद्दा आहे. 'फ्लॅटलाइनर्स' (१९९०) मध्ये मेडिकलचे विद्यार्थी याच प्रश्नापायी स्वतःचं हृदय थांबवून घेतात, वेडेपणा असेल पण जीव त्यांचा स्वतःचा. इथे प्रश्न यांचा आणि कातडी दुसरीची, अक्षरशः सोललेली. मरणानंतर काहीतरी आहे असं मीही मानतो, त्यात वाईट काही नाही. पण पुढे फार मोठं काहीतरी आहे असं एकदा डोक्यात बसलं की समोर कळवळणारं जिवंत माणूस किरकोळ वाटायला लागतं, आणि याची मला कुठल्याही भुतापेक्षा जास्त भीती वाटते.

एक तक्रार मात्र आहेच. शेवटी कॅमेरा अॅनाच्या डोळ्यात शिरतो आणि आत प्रकाश दाखवतो. म्हणजे छळाने खरंच काहीतरी दिसतं असं पिक्चरच अर्धवट कबूल करून टाकतो, त्या मंडळीला अर्धा न्याय देऊन टाकतो. हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

म्हणून विनंती एवढीच, परीक्षणात 'हिंसा जास्त' लिहून थांबू नका. मार खाणारीला स्वतःचं आयुष्य दिलंय की ती नुसती मारायला आणलीये, कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे, हे लिहा. माणूस मारायची नवीन तऱ्हा दाखवायची आणि दुसऱ्या मिनिटाला त्याला विसरून जायचं, असे पिक्चर भरपूर आहेत, त्यांना खुशाल झोडपा.

आपला,
एक नियमित वाचक