उन्हाळ्यातला प्रत्येक ताप उन्हाचा नसतो

महोदय,

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की तापाने फणफणून बरळणाऱ्या माणसाला ऊनच लागलं असं घरचे धरून चालतात. तळपायाला कांदा चोळतात, पन्हं पाजतात. पण तो माणूस हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारखी मानसिक आजाराची गोळी किंवा महिन्याचं इंजेक्शन घेत असेल, तर 'न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम'ची शंका घ्यायलाच हवी. या औषधांचा हा दुष्परिणाम क्वचित होतो, पण उशीर झाला तर जीव घेतो. या औषधांवर ऊनही लवकर बाधतं, म्हणून गफलत आणखी सोपी.

रुग्णाचा हात कोपरातून वाकवून सरळ करून पाहा. उष्माघातात अंग बहुधा सैल पडतं. या सिंड्रोममध्ये हात लोखंडी नळीसारखा ताठ लागतो. सोबत दरदरून घाम, वेगाची नाडी, वरखाली होणारा रक्तदाब. औषध मेंदूतलं डोपामिन (हालचाल आणि तापमान सांभाळणारं रसायन) अडवतं, स्नायू आखडून उष्णता तयार करतात आणि फुटू लागतात. रक्तातलं सीपीके (स्नायू फुटले की वाढणारं एन्झाइम) हजारांत जातं, लघवी चहाच्या रंगाची होते, मूत्रपिंडं धोक्यात येतात. बहुतेकदा हे औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत होतं, पण नंतरही होऊ शकतं.

सर्वांत घातक चूक म्हणजे बरळणं पाहून 'आजार उसळला' समजणं आणि आणखी एक हॅलोपेरिडॉल टोचणं. पुढचा डोस थांबवा, अंग ओल्या कापडाने पुसा, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने पाणीही देऊ नका, ठसका लागून ते फुफ्फुसात जातं. दवाखान्यात सीपीके आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) तपासायला सांगा.

क्लोझापिन या मानसिक आजाराच्याच आणखी एका गोळीचं वेगळं. तिने रक्तातल्या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी (न्यूट्रोफिल) घटू शकतात आणि हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी हवी, आणि ताप किंवा घसादुखी आली तर त्याच दिवशी न्यूट्रोफिल मोजून घ्यावेत. सुरुवातीच्या दोन महिन्यांत धाप, छातीत दुखणं असेल तर ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्यावी.

अशी लक्षणं नसताना, केवळ हे वाचून घाबरून चालू गोळ्या मात्र बंद करू नका.

आपल्याकडे मानसिक आजार घराबाहेर सांगत नाहीत, अनेकदा डॉक्टरांनाही नाही. म्हणून उष्माघात कक्षातल्या केसपेपरवरच 'मानसिक आजाराच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू आहे का, शेवटचा डोस कधी?' हा प्रश्न छापावा, ही आरोग्य विभागाला कळकळीची विनंती. घरच्यांनी गोळ्यांची स्ट्रिप आणि इंजेक्शनची तारीख सोबत न्यावी.

– मानसोपचार क्षेत्रातील परिचारिका व औषधनिर्माते, जळगाव