रिफाइंड तेल : भीती कॉस्टिकची, धोका उष्णतेचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रिफाइंड तेल म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या ‘केमिकलमध्ये धुतलेले विष’, असे आपल्या पुरवणीतील लेखात वाचले. तेल शुद्धीकरण कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी बावीस वर्षे गेली. लेखकाची तळमळ खरी आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवले गेले आहे.

कॉस्टिक सोडा तेलात राहावा म्हणून घालत नाहीत. कच्च्या तेलातल्या मुक्त मेदाम्लांशी त्याचा साबण होतो. चंचुपात्रात करून पाहा : गढूळ तेलात बघता बघता तपकिरी कण्या धरतात, तळाशी बसतात आणि वर नितळ तेल सुटते. कारखान्यात हा साबण सेंट्रिफ्यूजने काढून तेल गरम पाण्याने धुतात. ब्लीचिंगमध्येही कपड्यांची पावडर नसते, सक्रिय केलेली माती असते. रंगद्रव्ये आणि उरलासुरला साबण ती धरून ठेवते आणि मग मातीसकट सगळे गाळले जाते. सरकीच्या कच्च्या तेलातले विषारी गॉसिपॉल या कॉस्टिकनेच निघते. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष घाण्याच्या तेलात उतरते. रिफायनिंगमध्ये मात्र ते जवळजवळ सगळे जाते. हे लेखात यायला हवे होते.

काळजी करायचीच तर शेवटच्या टप्प्याची करावी. वास काढायच्या यंत्रात, म्हणजे डिओडोरायझरमध्ये, निर्वातात, साधारण १८० ते २६० अंश सेल्सिअसवर, तेलातून वाफ सोडतात. वास जातो, त्याबरोबर ई जीवनसत्त्वाचा काही भागही जातो. थोडे ट्रान्स फॅट तयार होते. आणि तापमान २३० च्या वर गेले की ग्लिसिडिल एस्टर झपाट्याने वाढतात, पाम तेलात विशेष. त्यांच्यापासून शरीरात सुटणारे ग्लिसिडॉल माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत गणले जाते. म्हणूनच युरोपीय महासंघाने २०१८ मध्ये खाद्यतेलासाठी किलोमागे १,००० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली.

आम्ही दर पाळीला नमुना कोमट करून जिभेवर घेत असू. जरा वास राहिला की ‘दहा अंश वाढवा’ असा निरोप खाली जायचा. वास जायचा, रंगही उतरायचा, माल पास व्हायचा. त्या दहा अंशांनी तेलात काय तयार झाले, हे मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. ही गोष्ट मला आजही टोचते.

आता बाटलीवरच्या ‘फिजिकली रिफाइंड, केमिकल नाही’ या शब्दांचा विचार करा. कॉस्टिक वापरले नाही, म्हणजे मेदाम्ले त्या वाफेनेच उडवावी लागतात, आणि त्यासाठी सहसा उष्णता जास्त लागते. केमिकलला घाबरून ती बाटली उचलणाऱ्या गृहिणीला हे कोण सांगणार? घाण्याचे तेल या उष्णतेपासून वाचते, हा त्याचा खरा गुण. पण ते निवडक, कोरड्या, बुरशी न लागलेल्या बियांचे असेल तरच.

माझी विनंती एवढीच. पुढच्या लेखासाठी आपल्या प्रतिनिधीने उत्पादकांना विचारावे, की तुमचे तेल डिओडोरायझरमध्ये किती अंशांवर आणि किती वेळ असते, आणि ग्लिसिडिल एस्टरची शेवटची चाचणी किती आली. जे उत्तर देतील त्यांचे आकडे छापावेत. जे देणार नाहीत, त्यांनी दिले नाही असे छापावे.

आपला,
एक निवृत्त तेल रसायनतज्ज्ञ