विविधतेचा गौरव आणि भाड्याची खोली

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त १७ सप्टेंबरच्या अंकासोबत आपल्या दैनिकाने जी विशेष पुरवणी दिली, तिच्यातील या प्रदेशाच्या बहुरंगी संस्कृतीवरचे लेख मी मनापासून वाचले. वेरूळच्या एकाच डोंगरकड्यात बौद्ध, हिंदू आणि जैन परंपरांची ३४ लेणी आहेत, ज्यांचे जन्मगाव म्हणून नरसीला मान आहे त्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला आणि उर्दू कवी सिराज औरंगाबादींची कविता याच भूमीत घडली, हे सारे खरे आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. मात्र या विविधतेविषयी आज येथे राहणाऱ्या एकेका माणसाचे मन नेमके काय आहे, हा प्रश्न त्या संपूर्ण पुरवणीत कोणीही विचारलेला नाही. प्रदेशाचा इतिहास अनेक धर्मांचा आणि भाषांचा असला म्हणून त्या प्रदेशातील माणूस आपोआप मोकळ्या मनाचा होतो, असे आपण गृहीत धरतो, आणि या गृहीतकामुळे स्वतःकडे पाहण्याचे आपल्याला कारणच उरत नाही. त्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

मी परभणीत समाजशास्त्र शिकवतो. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून आणि तांड्यांवरून आलेली मुले भाड्याची खोली शोधत फिरतात. दारात त्यांना पहिला प्रश्न आडनावाचा विचारला जातो. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर "तुम्ही कोणापैकी?" आणि "पाहुणे कुठले?" हे प्रश्न येतात, आणि मुलगा मुस्लीम, बौद्ध किंवा बंजारा असल्याचे कळले की "खोली कालच गेली" असे सांगितले जाते. हे सांगणारा घरमालक बहुधा दुष्ट नसतो. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला तो कुटुंबासह जातो, चादर चढवतो, आणि सर्व धर्मांविषयी आदर वाटतो का असे विचारल्यास मनापासून होकार देतो. तो त्या वेळी खोटे बोलत नसतो. उरुसातली जवळीक काही तासांची असते, तर भाडेकरूची जवळीक न्हाणीघरापर्यंत आणि स्वयंपाकाच्या वासापर्यंत येणारी असते. या दोन अंतरांवर त्याचे मन दोन वेगवेगळी उत्तरे देते, आणि दुसरे उत्तर त्याने स्वतःला कधी विचारलेले नसते.

हे केवळ परभणीचे नाही. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या आरंभापर्यंत देशातील सुमारे ३० हजार प्रौढांच्या समक्ष मुलाखती घेतल्या आणि जून २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणे फार महत्त्वाचे आहे, असे त्यात ८४ टक्के लोकांनी सांगितले. त्याच पाहणीत आपल्या धर्मातील स्त्रियांची धर्माबाहेर होणारी लग्ने थांबवणे फार महत्त्वाचे आहे, असे ६७ टक्के हिंदूंनी आणि ८० टक्के मुस्लिमांनी म्हटले, तर ३६ टक्के हिंदूंनी मुस्लीम शेजारी नको असल्याचे सांगितले. आदर आणि अंतर या दोन्ही भावना एकाच माणसात शेजारी शेजारी नांदतात, हे त्यातून स्पष्ट दिसते. आपल्या गौरवपर लेखनात यातली पहिली भावना तेवढी येते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच दौलताबादचे आहे. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळच्या लेण्यांकडे निघाले असताना वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या या मंडळींनी वेशीजवळच्या टाक्यात हातपाय धुतले, आणि टाके बाटवले म्हणून स्थानिक मुस्लीम रहिवाशांनी आरडाओरडा करीत त्यांना घेरले. अखेर किल्ला पाहायला मिळाला, पण आत कुठेही पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून बरोबर शस्त्रधारी शिपाई देण्यात आला. हा प्रसंग स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे. ज्या देवगिरीवर जनार्दनस्वामींपाशी एकनाथ शिकले, त्याच ठिकाणी हे घडले. पाहुण्याने किल्ला पाहायला कोणाची हरकत नव्हती. हरकत पाण्याला होती, आणि ती घेणारे लोक स्वतः ज्या धर्माचे होते त्या धर्मात अस्पृश्यतेला आधार नव्हता. शेजाऱ्याचा पूर्वग्रह माणूस धर्म ओलांडूनही उचलतो, याची ही नोंद आहे. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळाने संमत केल्यावर गावोगावी दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला, त्याचाही पुरवणीत उल्लेख नाही. अभिमानाच्या यादीला हा भाग जोडल्याशिवाय आपल्या मनाचा आढावा प्रामाणिक होणार नाही.

आता स्वतःचे मन तपासायचे कसे? अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ एमरी बोगार्डस यांनी १९२५ मध्ये यासाठी एक साधी रीत सुचवली. एखाद्या समूहातील माणूस तुम्हाला देशात पाहुणा म्हणून, नागरिक म्हणून, सहकारी म्हणून, शेजारी म्हणून, मित्र म्हणून आणि शेवटी लग्नाने जोडलेला नातेवाईक म्हणून चालेल का, असे एकेक पायरी जवळ येत विचारायचे आणि "नाही" कोणत्या पायरीवर येते ते पाहायचे. आपल्याकडे या पायऱ्या आपल्या जगण्यातून घ्याव्या लागतील. त्याच्या जत्रेला किंवा उरुसाला जाल का, त्याच्याकडून बियाणे उधार घ्याल का, त्याच्या शेतात सालगडी राहाल का, त्याला खोली द्याल का, त्याच्या घरी जेवाल का, त्याला आपल्या स्वयंपाकघरात येऊ द्याल का, त्याच्या घरी मुलगी द्याल का. आणि "तो" म्हणजे प्रत्येक वेळी वेगळा माणूस हवा. कधी आपल्याहून वरची समजली जाणारी जात, कधी खालची समजली जाणारी, कधी दुसरा धर्म, कधी तांड्यावरचे कुटुंब, कधी किनवटचा गोंड किंवा कोलाम, कधी देगलूर-धर्माबादकडचा तेलुगूभाषक, कधी जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारा बिहारी कामगार. मुस्लीम शेजारी सहज चालणाऱ्याला परप्रांतीय कामगार चालत नाही, आणि परप्रांतीय चालणाऱ्याला आपल्याच गावच्या दुसऱ्या वस्तीतला माणूस ओट्यावर चालत नाही, असे पुष्कळदा आढळते. म्हणूनच "मी सहिष्णू आहे" या एका वाक्यातून काहीच कळत नाही.

कागदावरची उत्तरे आणि कृती यांतही फरक पडतो. दौलताबादचा प्रसंग घडला त्याच १९३४ साली रिचर्ड लापिएर यांनी अमेरिकेतला आपला अनुभव प्रसिद्ध केला. एका चिनी जोडप्यासह ते अडीचशेहून अधिक हॉटेले आणि उपाहारगृहांत गेले असता त्यांना एकदाच नकार मिळाला, पण नंतर त्याच ठिकाणी पत्राने विचारणा केल्यावर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी चिनी ग्राहक घेणार नाही असे कळवले. तेथे कागदावर नकार होता आणि दारात स्वागत होते. आपल्याकडे बहुधा याच्या उलट चालते. त्यामुळे अशी प्रश्नावली कोणाला प्रमाणपत्र देण्यासाठी वापरू नये. नाव न लिहिता, एकट्याने, स्वतःपुरती ती भरावी.

प्रत्येक "नाही"पुढे कारणही लिहावे, हा माझा विशेष आग्रह आहे, कारण खरी माहिती तेथे असते. काहींना अन्नाची किळस वाटते, काहींना भांडणाची भीती असते, आणि फार मोठ्या संख्येने लोकांना भावकी काय म्हणेल याची धास्ती असते. "मला चालेल हो, पण शेजारचे ऐकायचे नाहीत" हे वाक्य एका गल्लीतल्या प्रत्येक घरात ऐकायला मिळते आणि त्यातला प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्याहून कर्मठ समजत असतो. अशा ठिकाणी कोणाचेच मत तितके कडक नसताना सर्वांचे वागणे कडक राहते. हे एकमेकांना कळले, तर निम्मे काम तेथेच होईल असे माझे मत आहे.

कारणांमध्ये आणखी एक गोष्ट येते आणि ती १७ सप्टेंबरशी थेट जोडलेली आहे. अनेक हिंदू घरांत रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या, जाचाच्या आठवणी आजोबांकडून नातवंडांकडे आल्या आहेत. मुस्लीम घरांत पोलीस ॲक्शननंतरच्या, म्हणजे हैदराबाद संस्थानावरील सप्टेंबर १९४८ च्या लष्करी कारवाईनंतरच्या, आठवणी तशाच आल्या आहेत, आणि त्या वेळच्या हिंसेत सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांचा समावेश त्या हिंसेची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने केला होता. दोन्ही बाजूंचे दुःख खरे आहे. परंतु प्रत्येक घराने आपला अर्धा भाग जपला आणि दुसरा अर्धा कधी ऐकलाच नाही. आज विशीत असलेल्या मुलाचा दुसऱ्या समाजाविषयीचा अविश्वास त्याच्या स्वतःच्या अनुभवातून आलेला असतोच असे नाही. तो पुष्कळदा ऐकलेल्या गोष्टींतून आलेला असतो, आणि हे त्याचे त्याला कळणे फार मोलाचे आहे.

उणे बोललेच नाही म्हणजे सलोखा टिकतो, असे आपल्याकडे मानले जाते. पैठणच्या एकनाथांनी तसे मानले नाही. त्यांच्या हिंदू-तुर्क संवादात दोघे एकमेकांच्या देवाधर्मातले, आचारातले जे जे खटकते ते तोंडावर बोलून दाखवतात, कडाक्याचे भांडतात, आणि सारे बोलून झाल्यावर एकमेकांना आलिंगन देतात. सोळाव्या शतकात गोदाकाठी हे लिहिता आले. आज महाविद्यालयाच्या वर्गात अशी चर्चा घ्यायची म्हटली की व्यवस्थापनापासून पालकांपर्यंत सर्वांच्या कपाळावर आठ्या पडतात.

मराठवाड्याच्या माणसाला दुसऱ्या बाजूचा अनुभव नाही असेही नाही. पुण्यात शिकायला गेलेल्या आमच्या मुलांच्या बोलीतले "करायलाव", "जायलाव" ऐकून हसणारे लोक आहेत, दुष्काळी भागातून आलेली म्हणून त्यांना कमी लेखणारे आहेत, आणि बीडच्या ऊसतोड कामगाराला कारखान्याच्या गावात मिळणारी वागणूक सर्वांना ठाऊक आहे. हा सल ज्या घरात आहे, त्याच घरात बिहारी कामगाराविषयी तुच्छतेने बोलले जाते तेव्हा मला अतिशय वाईट वाटते.

मन बदलते का, यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये असे मांडले की भिन्न समूहांतील माणसे समान दर्जाने, एका समान कामासाठी, एकमेकांना साथ देत आणि संस्थेच्या पाठिंब्याने एकत्र आली, तर पूर्वग्रह कमी होतो. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा याला पुष्टी मिळाली. पुढे त्यांना असेही आढळले की दुसऱ्या समूहाविषयी नुसती माहिती वाढण्याचा परिणाम थोडा असतो, आणि त्याच्याविषयीची धास्ती कमी होण्याचा व त्याचे सुखदुःख समजण्याचा परिणाम अधिक असतो. वेरूळची सहल आणि एकतेवरील निबंध यांनी फारसे का बदलत नाही, याचे उत्तर येथे आहे. मॅट लोव यांचा उत्तर प्रदेशातील क्रिकेट सामन्यांवरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका संघात निरनिराळ्या जातींचे खेळाडू होते तेथे जातीपलीकडची मैत्री वाढली, पण समोरासमोरच्या संघांत निरनिराळ्या जातींचे खेळाडू आले तेव्हा तसा लाभ झाला नाही. आमच्याकडे गल्लीवार आणि समाजवार संघ काढून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी याचा जरूर विचार करावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरात भाकरी थापण्यापासून पाणलोटाच्या खोदकामापर्यंतचे गट पाडताना मुलांनी आपापली माणसे धरण्याआधीच ते मिसळून पाडणे कार्यक्रमाधिकाऱ्याच्या हातात असते, आणि त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

आपल्या दैनिकाला माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, येत्या मुक्तिसंग्राम दिनाच्या पुरवणीत वर सांगितलेल्या पायऱ्यांची एक प्रश्नावली छापावी, वाचकांनी ती घरी भरून स्वतःजवळ ठेवावी, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनी केवळ कारणांचा भाग निनावी पाठवावा. रझाकारांच्या काळाच्या आणि पोलीस ॲक्शनच्या घरोघरीच्या आठवणी त्याच पानावर शेजारी शेजारी याव्यात. दुसरी विनंती आपल्या छोट्या जाहिरातींविषयी आहे. "खोली भाड्याने देणे" या सदरात "फक्त अमुक समाजासाठी" असा मजकूर आजही छापला जातो. घरमालकाचे मन आपण एका दिवसात बदलू शकणार नाही, पण हे शब्द छापावेत की नाही हे ठरवणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. जूनमधील प्रवेश सुरू होण्यापूर्वी याविषयीचा निर्णय आपण वाचकांना कळवावा, ही विनंती.

आपला नम्र,
समाजशास्त्राचा एक अध्यापक, परभणी