नदी उशाला, कोरड घशाला

थेम्सकाठ, बर्कशायर, इंग्लंड
ऑक्टोबर 1934

मा. आरोग्यमंत्री,
व्हाइटहॉल, लंडन
यांस खुले पत्र

महोदय,
सविनय नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून आधी घडलं तेच सांगते. मंगळवारी सकाळी सहाला मी बादल्या घेऊन गावच्या पंपावर गेले, तर पंपाच्या दांड्याला साखळी गुंडाळून कुलूप घातलेलं. वर पाटी: पाणी पिण्यास अयोग्य. रंग अजून ओला होता, माझ्या बाहीला लागला. मग दुसरं पाणी कुठे मिळेल ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. मी पाटीच्या मागची बाजूसुद्धा बघितली.

पाणी वाईट आहे हे मला पाटी लावून सांगायची गरज नव्हती. माझी अकरा वर्षांची मुलगी सप्टेंबरपासून टायफॉइडने साथरोगांच्या रुग्णालयात पडून आहे. पंपापासून पंधरा पावलांवर चार घरांच्या संडासांचे खड्डे आहेत. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून पाऊस नीट पडलेला नाही, विहिरीचं पाणी तळाला गेलं, आणि उरलेल्या पाण्यात काय झिरपत होतं ते जीभ असलेल्या कोणालाही कळत होतं. जूनमध्ये मी त्या पाण्याची बाटली भरून कौन्सिलच्या कचेरीत नेली. कारकुनाने बूच उघडलं, वास घेतला, आणि बाटली मला परत दिली.

मार्चमधल्या गावच्या सभेत आम्हाला शब्द दिला होता. गवताची कापणी सुरू व्हायच्या आत गावच्या मधल्या हिरवळीवर सार्वजनिक नळ येईल, असं जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षांनी उभं राहून सांगितलं होतं. कापणी झाली, गहूही घरात गेला. परवा ग्रामीण जिल्हा कौन्सिलचं पत्र आलं: जिल्ह्याची फेररचना झाली असून जुन्या कौन्सिलने दिलेली आश्वासनं नव्या कौन्सिलवर बंधनकारक नाहीत, विषय पुढच्या आर्थिक वर्षात समितीपुढे ठेवला जाईल. जिल्ह्याच्या सीमा बदलल्या तशी माझी तहान बदलली का? घरपट्टीची थकबाकी मात्र नव्या कौन्सिलने जुन्याकडून बिनचूक उचलून घेतली.

मी कपडे धुऊन पोट भरते. नदीकाठच्या बंगल्यांमध्ये शनिवार-रविवारी लंडनचे लोक येतात, त्यांच्या चादरी, टेबलक्लॉथ, शर्ट माझ्याकडे असतात. भिजवायला, उकळायला, दोनदा खळबळायला, नीळ घालायला, खळ करायला मिळून धुण्याच्या दिवशी वीस बादल्या तरी पाणी लागतंच. आता जवळचं चांगलं पाणी अर्ध्या मैलावर, एका शेताच्या आवारातल्या विहिरीत आहे. खांद्यावर कावड, दोन बाजूंना दोन बादल्या, प्रत्येकीत दोन गॅलन. गॅलनला दहा पौंड वजन, म्हणजे एका खेपेला चाळीस पौंड, बादल्यांचं वेगळं. वीस बादल्यांना दहा खेपा. जाऊन-येऊन दहा मैल. एवढं चालून मग धुणं सुरू होतं. विहिरीच्या मालकाची गुरं पाणी पिऊन झाल्याशिवाय आम्हाला बादली घालता येत नाही, म्हणून पहिली खेप सातच्या आधी होत नाही.

‘नदी दाराशी आहे, तिथे का धूत नाहीस?’ असं मला कचेरीत विचारलं. त्या माणसाने यंदाची नदी पाहिलेली नाही. काठाला हिरवा गाळ उघडा पडलाय, मोटारलाँचच्या तेलाचा थर लव्हाळ्यांना चिकटलाय. ऑगस्टमध्ये एक चादर मी नदीत खळबळून पाहिली. वाळल्यावर तिच्यावर पिवळट पट्टा उमटला. ती चादर मला भरून द्यावी लागली.

आणि याच नदीबद्दल मला खरं बोलायचं आहे. माझ्या दारावरून जाणारं पाणी खाली जातं आणि लंडनचा पाणीपुरवठा बघणारं मेट्रोपॉलिटन वॉटर बोर्ड ते उचलून लंडनच्या घराघरांत पोचवतं. 1925 मध्ये लिटलटनला एवढा मोठा जलाशय बांधला की खुद्द राजेसाहेब उद्घाटनाला आले. लंडनमधली बाई स्वयंपाकघरात उभी राहून नळ फिरवते आणि माझी नदी तिच्या किटलीत पडते. मला तिचा हेवा वाटत नाही, तिलाही मुलं आहेत. पण ज्या गावाच्या उशाला नदी वाहते तिथल्या पोरीने संडासाचं पाणी पिऊन आजारी पडावं, हा कुठला न्याय?

कायदा नाही म्हणाल, तर कायदा आहे. आमच्या शाळामास्तरांनी मला तो काढून दाखवला. 1878 चा सार्वजनिक आरोग्य (पाणी) कायदा सांगतो की खेड्यातल्या प्रत्येक राहत्या घराला वाजवी अंतरावर चांगलं पाणी मिळतंय की नाही हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. 56 वर्षं झाली. वाजवी अंतर म्हणजे किती, ते माझ्या खांद्याला विचारा.

मग मी दारोदार फिरले. पॅरिश कौन्सिल, म्हणजे आमची गावची कौन्सिल, म्हणाली, पंप आमचा, पण नळयोजना जिल्ह्याची. जिल्हा म्हणाला, नळ टाकायचा तर रस्ता खणावा लागेल, आणि 1930 पासून रस्ते काउंटीचे, म्हणजे जिल्ह्यांच्या वरच्या कौन्सिलचे. काउंटी म्हणाली, रीतसर तक्रार पॅरिश कौन्सिलकडून आली पाहिजे. नदीतून घ्यायचं तर नदीचा कारभार बघणारी थेम्स कॉन्झर्व्हन्सी. कर्ज काढायचं तर तुमच्या खात्याची मंजुरी, त्याआधी तुमच्या निरीक्षकाची चौकशी. पंप एकाचा, पाणी दुसऱ्याचं, रस्ता तिसऱ्याचा, नदी चौथ्याची, शिक्का तुमचा. तापाने फणफणलेली मुलगी तेवढी माझी एकटीची.

यंदा पार्लमेंटने खेड्यांच्या पाण्यासाठी 10 लाख पौंड मंजूर केले, हे आम्ही वाचलं. वाचून मास्तरांच्या घरी आम्ही चहा केला, खोटं कशाला सांगू. मग हिशेब केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये खेड्यांच्या पॅरिश दहा हजारांच्या वर असतील. म्हणजे एका गावाच्या वाट्याला शंभर पौंडसुद्धा नाहीत. शंभर पौंडांत नळ किती लांब जातो? आणि अर्ज करायचा जिल्हा कौन्सिलने, उरलेला खर्च उचलायचा जिल्हा कौन्सिलने. आणि रीतसर तक्रार करायची ती पॅरिश कौन्सिलने. त्या कौन्सिलवर बसतं कोण?

तेही सांगते. 1894 च्या कायद्याने खेड्याला स्वतःची कौन्सिल मिळाली. माझे वडील सांगायचे, त्या रात्री सभेला लोक शाळेच्या खिडक्यांत बसले होते. आज चाळीस वर्षांनी तीच निवडणूक कशी होते ते बघायला या. शहरात गुप्त मतदान आहे. आमच्याकडे शाळेच्या खोलीत दिव्याखाली हात वर करायचे. खुर्चीवर बसलेला माणूस हात मोजतो. त्याच्याच शेतावर माझा भाऊ राबतो, त्याच्याच घरात राहतो, आणि नोकरी गेली की घरही जातं. मजुरी आठवड्याला तीस शिलिंगांच्या आसपास. मार्चमध्ये नळाच्या बाजूच्या उमेदवाराचं नाव पुकारलं तेव्हा भावाचा हात खांद्यापर्यंत आला होता, मी शेजारीच होते. खुर्चीवरच्या माणसाने नुसतं वर पाहिलं, आणि हात खाली गेला. मी भावाला दोष देत नाही, त्याला चार मुलं आहेत. हात वर करण्याऐवजी रीतसर मतदान मागण्याचा हक्क आहे म्हणे. पण तो मागायला आधी त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली तोंड उघडावं लागतं.

आणि पैसा कोणाचा? 1929 पासून शेतजमिनीला पट्टी पूर्ण माफ आहे. तीनशे एकरवाला जमिनीपोटी एक पेनी देत नाही. माझ्या दोन खोल्यांवर मात्र पट्टी आहे. ज्याच्या आवारात स्वतःची विहीर आहे, ज्याच्या जमिनीला पट्टी नाही, तोच समितीत बसून म्हणतो की नळाचा बोजा गरीब करदात्यांना पेलणार नाही. गरीब करदाती मी आहे. मला कोणी विचारलं नाही.

माझा नवरा फ्रान्सच्या खंदकातून गॅसने जळालेली छाती घेऊन परतला आणि 1927 मध्ये गेला. मला विधवा म्हणून आठवड्याला 10 शिलिंग मिळतात, मुलीचे 5. त्याबद्दल कृतज्ञ आहे, ते त्याच्याच विम्याचे आहेत. 1918 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज साहेबांनी वीरांना राहण्याजोगा देश करू म्हणून सांगितलं होतं. नवरा ते वाक्य कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवायचा. कागद अजून तिथेच आहे. मास्तर सांगत होते की आपल्याच साम्राज्याने मुंबई इलाख्यात, सिंधमध्ये, सक्करला सिंधू नदीवर प्रचंड बॅरेज, म्हणजे कालव्यांत पाणी वळवणारा बंधारा, बांधलं, दोन वर्षांपूर्वी ते सुरूही झालं, लाखो एकर भिजतात. चांगलं झालं, तिथेही माणसंच तहानलेली असतात. पण जे इंजिनियर सिंधू वळवू शकतात त्यांना आमच्या हिरवळीपर्यंत एक नळ आणता येत नाही, हे मी कसं मानू? आणता येतो. आणायचा नाही.

मागणं मोठं नाही. नळ येईपर्यंत रोज एक पाण्याची गाडी हिरवळीवर उभी करायला जिल्ह्याला हुकूम द्या. तुमचा निरीक्षक याच महिन्यात पाठवा, आणि त्याने चहा शेतमालकाकडे न घेता पंपाजवळच्या चार घरांपैकी कुठल्याही घरी घ्यावा. पाणी मी आणून ठेवीन.

शनिवारी दुपारी रुग्णालयात भेटीची वेळ असते. आत सोडत नाहीत, बाहेर वाफ्यात उभं राहून खिडकीतून बघायचं. नर्स मुलीला उचलून काचेपाशी धरते. तिचे केस कापलेत. तिचा आवाज बाहेर येत नाही, पण ओठ कळतात. गेल्या शनिवारी तिने विचारलं, नळ आला का? मी मान हलवली ती तिला हो वाटली असावी, कारण ती हसली.

येत्या शनिवारच्या आत उत्तर पाठवावं.

आपली,
गावातली कपडे धुणारी बाई